अण्णांची खडी

ताई,

मी माण तालुक्यातला. बारावीपर्यंत गावाकडे, मग इंजिनीअरिंग आणि त्यानंतर अकरा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. त्यातली शेवटची सात एकाच कंपनीत. पाच महिन्यांपूर्वी प्रोजेक्ट संपला. महिनाभर काम न देता बेंचवर ठेवलं आणि एका सकाळी एचआरने बोलावून सांगितलं, की तुम्हीच राजीनामा लिहून द्या, म्हणजे अनुभवाच्या पत्रात अडचण येणार नाही. मी सही केली. संध्याकाळी लॅपटॉप जमा करून घरी आलो. हिशेबाचे सगळे पैसे अजून मिळालेले नाहीत.

बायको खासगी शाळेत शिकवते. तिच्या पगारात घराचा हप्ता बसत नाही. मागचे दोन हप्ते धाकट्या भावाने भरले, तो गावी शेती आणि दूध बघतो. मी रोज अर्ज करतो, मुलाखती होतात, पुढे काही होत नाही.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. जेवताना बोलून गेलो, “एवढा शिकलो, कर भरला, कुणाचं वाईट केलं नाही. मला काम मिळणं हा माझा हक्क आहे. समाजाने मला असं वाऱ्यावर सोडायला नको होतं.” अण्णांनी घास ताटात ठेवला. म्हणाले, “हक्क? बहात्तरला मी पंधरा वर्षांचा होतो. हाताला फोड येईस्तोवर खडी फोडली, तेव्हा भाकरी मिळाली. समाज कुणाचं देणं लागत नाय. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, असं बसून राहिलं तर कोण देतंय?” भाऊ खाली मान घालून जेवत होता. मला पुढचा घास गिळवेना.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे. माणूस जन्माला आला, एवढ्यावरून त्याच्या पोटापाण्याची जबाबदारी समाजावर येते का? की अण्णांचंच खरं? दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचवायचं काम सुरू करावं असंही मनात येतं, पण सोसायटीतलं कुणी भेटलं तर काय, म्हणून पाय निघत नाही.

– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

*

तुमच्या पत्रातला ‘बहात्तर’ हा शब्द वाचला आणि पुढचं वाचायला मला थोडा वेळ लागला. मी तुमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात सात वर्षांची होते. आई गावाबाहेर पाझर तलावाच्या कामावर जायची आणि धाकट्याला कडेवर घेऊन मी तिच्या मागे. जुन्या लुगड्याची झोळी बाभळीला बांधलेली असे. तो रडला की मी झोका द्यायचा, नाहीच थांबला तर आईला हाक मारायची. आईच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मातीचं घमेलं. बांधाचा चढ चढताना ती एक हात गुडघ्यावर दाबून धरायची, ते अजून दिसतं. मुकादम मस्टर घेऊन सावलीला बसे, नाव पुकारलं की बायका खालूनच ओरडत. दुपारी सुकडी मिळे. तळहातावर घेऊन ती गोडसर पूड आम्ही पोरं चाटून खायचो आणि बोटांना लागलेलीही सोडायचो नाही. रात्री रेशनच्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, लालसर भाकरी. ती थापताना तुटायची. ज्वारीच्या भाकरीवर हात बसलेल्या माझ्या आईला त्या तुटक्या भाकरीची फार लाज वाटे.

त्यामुळे अण्णा ताटावर काय बोलले असतील आणि कुठल्या आवाजात, ते मला कळलं. ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्याजवळ एक ताठा असतो. मी कुणापुढे हात पसरला नाही, हा तो ताठा. तो खरा आहे आणि त्याला मी बोट लावणार नाही. पण अण्णा स्वतःच्या आयुष्यातली निम्मी गोष्ट सांगताहेत. उरलेली निम्मी तुम्हाला माहीत असायला हवी.

अण्णांनी फोडलेली खडी पुढे कुठे गेली, हे कधी विचारलंत त्यांना?

आमच्याकडच्या रस्त्यांच्या कडेला त्या खडीचे ढीग कित्येक वर्षं तसेच पडून होते. त्यांवर गवत उगवलं, पोरांनी त्यातले दगड वेचून चिंचा पाडल्या. काही खडी रस्त्यांत गेली, नाही असं नाही. पण एवढी खडी त्या दोन वर्षांत कुणाला हवी होती? बाजारात तिला गिऱ्हाईक नव्हतं. पिकं गेलेली, विहिरी कोरड्या, जनावरं छावणीत नाहीतर मिळेल त्या किमतीत बाजारात. त्या वेळी माण-खटावातल्या पंधरा वर्षांच्या पोराच्या मनगटातल्या जोराला बाजाराच्या भाषेत किंमतच उरली नव्हती. तरीही त्याला मजुरी मिळाली. का मिळाली? तो पोरगा जगला पाहिजे, असं कुणीतरी ठरवलं होतं. अण्णांनी घाम गाळला तो शंभर टक्के त्यांचा. पण घाम गाळायला जागा, हातात हातोडी आणि पगाराच्या दिवशी पैसे, हे समाजाने उभं केलेलं होतं.

थोडंथोडकं नव्हतं ते. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. दहा-वीस एकरांचे मालक होते, ज्यांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला नव्हता अशा घरांतल्या सुना पदर पुढे ओढून घमेली उचलत होत्या. एवढा मोठा दुष्काळ पडूनही महाराष्ट्रात पूर्वीच्या दुष्काळांसारखी माणसं भुकेने मेली नाहीत, त्याचं सगळ्यात मोठं कारण ही कामं. आणि ती आपोआप निघाली असंही समजू नका. काम काढा, मजुरी वेळेवर द्या, दर वाढवा म्हणून मजुरांनी तहसील कचेऱ्यांवर मोर्चे नेले, कामांवर संप केले. त्यात बायका पुढे होत्या. ‘आमची कीव करा’ अशी त्यांची भाषा नव्हती. काम द्या, नाहीतर जगायचं कसं ते सांगा, असं त्या विचारत होत्या. तुम्ही जेवताना जे बोललात, तेच त्या उन्हात उभं राहून बोलत होत्या.

या मागणीला कायद्याचं रूप देण्यामागे एका माणसाचा ध्यास होता. वि. स. पागे, सांगली जिल्ह्यातले, विधान परिषदेचे सभापती. दुष्काळाच्या कितीतरी आधी, १९६५ साली, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी हा प्रयोग करून पाहिला: अंगमेहनत करायला जो तयार आहे त्याला काम द्यायचं, आणि ते काम गावाच्या उपयोगी पडेल असं काढायचं. ‘मागेल त्याला काम’ हे शब्द तुम्ही गावाकडच्या भिंतींवर वाचले असतील. दुष्काळाची कामं आणि रोजगार हमी योजना या कागदावर दोन वेगळ्या गोष्टी होत्या, पण पहिलीने दुसरीला बळ दिलं. १९७७ मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही, तर बेकारी भत्ता द्यायचा, असं त्यात होतं. सरकारने कामाच्या हक्काची हमी लिहून द्यायची आणि नाही पाळली तर दंड भरायचा, असं देशात तोवर कुणी केलं नव्हतं. २००५ साली देशभरासाठी कायदा आला, त्याच्यामागे आपल्याकडचा हा पंचवीस-तीस वर्षांचा अनुभव होता.

आता तुमच्या पगाराच्या चिठ्ठीकडे वळते.

कुठल्याही महिन्याची काढा. कपातीच्या रकान्यात ‘प्रोफेशन टॅक्स’ असेल, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. त्याच्या जोडीला शहरांतल्या मोठ्या घरांवर, बागायती जमिनीवर, विक्रीकरावरही भार टाकला होता, आणि जमा होईल तेवढीच भर सरकारने आपल्या खिशातून घालायची असं ठरलं होतं. मुंबईत कचेरीत बसणाऱ्या कारकुनाच्या पगारातून पैसे निघायचे आणि माण-खटावच्या माळावर मजुरी म्हणून पोचायचे. तुम्हीही अकरा वर्षांत साडेसत्तावीस हजार रुपये भरलेत. तुम्हाला ते कुणी सांगितलं नाही, म्हणून तुम्ही ती एक छोटीशी कपात समजलात. ‘समाज म्हणजे कोण, देणार कोण’ असं अण्णा विचारतील तर त्यांना ती चिठ्ठी दाखवा. देणाऱ्यांत तुमचं नाव आहे.

तुम्ही सरळ प्रश्न विचारलात, तर सरळ उत्तर देते. होय. माणूस जन्माला आला एवढ्यावर त्याचा जगण्याच्या साधनावर हक्क आहे, असं मी मानते. जमीन, पाणी, रस्ते, बाजार, कायदा, पैसा, हे सगळं आपल्या आधीच वाटून झालेलं असतं. नव्याने जन्मलेल्या पोराला कुणी विचारत नाही, की तुला हे वाटप मान्य आहे का. पूर्वी निदान रानात जाऊन कंदमुळं खणता यायची. आज प्रत्येक वावराला मालक आहे आणि प्रत्येक रानाला कुंपण. अशा वेळी ‘तुझं तू बघ’ म्हणणाऱ्या समाजाने त्याला बघायला काही शिल्लक ठेवलं आहे का, हे आधी सांगावं. ज्यांनी सगळ्या वाटा आखल्या, त्यांच्यावर एक वाट मोकळी ठेवण्याची जबाबदारी येते.

हा हक्क कुठवर जातो, इथे मात्र तुम्ही आणि मी जरा वेगळे होऊ. तो जगण्याचा हक्क आहे. तुम्ही करत होतात तीच नोकरी, तोच पगार, तोच फ्लॅट यावर तो हक्क पोचत नाही. अण्णांना खडीचं काम मिळालं, पण बुडालेल्या पिकाची भरपाई कुणी केली नाही. तळ असतो तो. त्या तळाखाली कुणी जाऊ नये ही सगळ्यांची जबाबदारी, आणि त्याच्या वरचं घर ज्याने त्याने बांधायचं.

आपल्या संविधानातही हीच ओढाताण दिसते. उपजीविकेचं पुरेसं साधन मिळण्याचा हक्क कलम ३९ मध्ये आहे. काम, शिक्षण आणि बेकारी, म्हातारपण, आजारपण यांत मदत कलम ४१ मध्ये आहे. पण ही सगळी मार्गदर्शक तत्त्वं. राज्याच्या ऐपतीप्रमाणे करायची, आणि नाही केली तर कोर्टात जाऊन मागता येत नाहीत. १९८१ मध्ये मुंबईतल्या फुटपाथवरच्या लोकांना उचलून शहराबाहेर घालवायचं सरकारने ठरवलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवर राहणारे काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या खंडपीठाने म्हटलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क आलाच, कारण जगायचं साधन काढून घेतलं की जगणंच काढून घेतल्यासारखं होतं. हा निकाल वाचताना दरवेळी मला भरून येतं आणि दरवेळी पुढचं वाचून मन खट्टू होतं. कारण त्याच निकालात असंही आहे, की राज्याने प्रत्येकाला काम द्यावं अशी सक्ती करता येणार नाही. रीतसर कारवाईशिवाय कुणाचं साधन हिरावून घेऊ नये, एवढंच. पावसाळा संपल्यावर झोपड्या हटवायला न्यायालयाने परवानगीही दिली. म्हणजे हिसकावायचं नाही, हे कोर्टाने मान्य केलं. द्यायचं का, ते सरकारवर सोडलं. ‘द्यायचं’ हे आपल्याकडे खऱ्या अर्थाने रोजगार हमीच्या कायद्यानेच पहिल्यांदा म्हटलं.

तोही खेड्यापुरता आणि अंगमेहनतीच्या कामापुरता. शहरात नोकरी गेलेल्या माणसासाठी तसं काही नाही. केरळने २०१० मध्ये समाजसुधारक अय्यनकाली यांच्या नावाने शहरी रोजगार हमी सुरू केली, राजस्थानने २०२२ मध्ये. ज्या महाराष्ट्राने ही कल्पना देशाला दिली, त्याने शहरांसाठी ती उभी करू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं. निम्मं राज्य आता शहरांत राहतं. तुमच्यासारख्यांना दोन महिन्यांत हप्त्यासाठी भावाकडे हात करावा लागतो, तेव्हा चूक तुमची नसते. खाली जो तळ हवा तो शहरात बांधलेलाच नाही.

अण्णांची बाजूही मला सोडायची नाही. फुकट मिळणाऱ्या भाकरीची त्यांना जी भीती वाटते, तिच्यामागे आपल्या गावांचा मोठा इतिहास आहे. समाजाने पोटाची सोय करणं आपल्याकडे नवीन नाही. सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार, प्रत्येकाचा खळ्यावरच्या धान्यात वाटा असे आणि त्याला ‘हक्क’ असंच म्हणत. दुष्काळ नसेल तर तो वाटा चुकत नसे. पण त्या वाट्याबरोबर पायात दोरी येत असे. जन्माने ठरलेलं काम सोडायची सोय नाही, गाव सोडायची सोय नाही. महारांच्या वतनात तर रात्री-अपरात्री सरकारी कामाला बोलावलं की निघायचं आणि भाकरी दारोदार मागून आणायची. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात या वतनाविरुद्ध विधेयक मांडलं. ज्यावर पोट चालतं त्याच्यावरच घाव घालत होते ते. असं पोट नको, म्हणत होते. ती वतनं कायद्याने गेली ती १९५८ नंतर.

आणि त्याच बाबासाहेबांनी १९४७ साली संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात विचारलं, की तुमच्या मूलभूत हक्कांची किंमत बेकार माणसाला विचारून बघा. त्याला कसलीही नोकरी, कितीही तास, संघटनेत जायला बंदी, तोंड उघडायला बंदी अशा अटींवर दिली, तर तो काय करेल? उपासमारीच्या भीतीने तो हक्क सोडून देईल. तुम्ही राजीनाम्यावर सही केलीत, ती सकाळ आठवा. अनुभवाच्या पत्राची भीती घालून तुमच्याकडून जे लिहून घेतलं, ते हेच. खाली तळ असता, तर तुम्ही त्या खोलीत म्हणाला असतात, “मी राजीनामा देणार नाही. काढायचं असेल तर तुम्ही लेखी काढा.” पोटाची खात्री असलेला माणूसच नाही म्हणू शकतो. म्हणून पोटाची सोय उपकार म्हणून मिळाली तर माणूस वाकतो, आणि कायद्याने हक्क म्हणून मिळाली तर ताठ उभा राहतो. अण्णांना वाकणं नको आहे. ते हक्काला नाही म्हणत नाहीत, लाचारीला नाही म्हणताहेत, आणि त्यांच्या मनात हे दोन्ही एकच झालेत. निदान मला तरी त्यांच्या बोलण्यातून तसंच वाटलं.

रोजगार हमीत काय काय झालं हे मला ठाऊक नाही असं नाही. ‘रोजगार हमी, अर्धं तुम्ही अर्धं आम्ही’ हे लोकांनी उगाच म्हटलं नाही. मस्टरवर मेलेल्या माणसांची नावं लागली, मजुरी महिनोन्‌महिने थकली, भत्ता तर क्वचितच कुणाच्या हाती पडला. आमच्या आईचे दोन आठवड्यांचे पैसे एकदा बुडाले ते बुडालेच. ती शेवटपर्यंत ते पैसे बोटांवर मोजून सांगायची. त्यामुळे कायदा केला की झालं, असं मी म्हणणार नाही. चोरी झाली तर चोर धरायचा, विहीर बुजवायची नाही.

आणि एक, जे अण्णांच्या हिशेबात बसत नाही. ज्याला खडी फोडता येत नव्हती त्याचं काय? आमच्या आळीत एक आंधळी म्हातारी होती. ती कामावर यायची, पाळण्यांपाशी बसायची आणि झोळ्यांच्या दोऱ्या ओढायची. मुकादमाने तिचं नाव मस्टरवर लावलं होतं. नियमात बसत होतं की नाही, कुणास ठाऊक. तिने चार पोरं सांभाळली म्हणून चार बायका घमेली उचलू शकल्या. पण ती तेही करू शकली नसती, अंथरुणाला खिळली असती, तरी तिच्या वाट्याची मिलोची भाकरी कमी व्हायला हवी होती का? मला नाही वाटत. काम मागणं ही धडधाकट माणसाने त्या हक्कात घातलेली आपली भर आहे. भर घालता आली नाही म्हणून मूळ हक्क जात नाही. राज्याची निराधारांसाठीची संजय गांधी अनुदान योजना १९८० पासून आहे ती याच समजुतीवर, मग तिची रक्कम कितीही तुटपुंजी असो.

आता तुमचं.

हिशेबाचे पैसे अडकलेत, असं तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. तिथेच थांबा. एका कंपनीत सात वर्षं झाली म्हणजे ग्रॅच्युइटी लागू होते, राजीनामा दिला असला तरी. दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी, ती मुख्यतः शेवटच्या मूळ पगारावर आणि महागाई भत्त्यावर मोजतात. ती तीस दिवसांत द्यावी लागते. लेखी अर्ज करा, ई-मेलनेही पाठवा, पोच जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर कामगार खात्याच्या कार्यालयात ग्रॅच्युइटीसाठी नेमलेला अधिकारी असतो, त्याच्याकडे जा. हक्काची एवढी मोठी चर्चा आपण करतोय आणि सात वर्षं घाम गाळून कमावलेले पैसे मागायला तुम्ही संकोचताय, हे मला पटत नाही. बँकेतही जा, पुढचा हप्ता चुकायच्या आत. मुदत वाढवून हप्ता लहान करता येतो का ते विचारा. चुकल्यावर विचारणाऱ्याला वेगळी वागणूक मिळते.

भावाने भरलेल्या हप्त्यांचं ओझं वाटतंय तुम्हाला. जमलं तर वहीत लिहून ठेवा, आणि तो नको म्हणाला तरी पुढे परत करा. पण त्याच्यासमोर मान खाली घालून बसू नका. तो दूध घालतो तेव्हा गाय आटली, डेअरीने भाव पाडला, असे दिवस त्याच्यावरही येणार. तेव्हा तुम्ही असाल. घराघरांतून हे होतच आलंय. मला फक्त ते घराबाहेरही व्हायला हवंय, ज्यांना भाऊ नाही त्यांच्यासाठी.

डबे पोचवायचं काम करायचं तर करा. आठवड्याचे तास आधीच ठरवा, म्हणजे मुलाखतींची तयारी बुडणार नाही. पेट्रोल आणि गाडीची झीज वजा जाता हातात काय उरतं, ते पहिल्या पंधरवड्यात काटेकोर लिहून बघा आणि परवडत नसेल तर सोडा. सोसायटीतलं कुणी दारात भेटलं तर नमस्कार करून डबा हातात द्या. तालेवार घरांतल्या त्या सुना पदर ओढून माती वाहत होत्या, तेव्हा त्यांनाही वाटेल ते वाटलं असेल. तिसऱ्या दिवशी पदर मागे गेला होता. मी पाहिलंय ते.

अण्णांशी वाद घालायला मात्र जाऊ नका. ‘तुमची खडी कुणाला नको होती’ हे मी तुम्हाला सांगितलं. त्यांना या शब्दांत सांगू नका, ते आतून तुटतील. त्याऐवजी पुन्हा गावी जा, आणि त्या वेळच्या कामांतला तुमच्या शिवारातला तलाव, बंधारा, रस्ता, काय असेल ते दाखवायला त्यांना सांगा. मस्टरवर पंधरा वर्षांच्या पोराचं नाव कसं लागलं, ते विचारा. बहुतेक कुणीतरी वय वाढवून लावलं असणार, असं कितीतरी घरांत झालं. तो माणूस कोण होता, त्याने तसं का केलं, हे अण्णांनाच सांगू द्या. ते सांगून झालं की खिशातून फेब्रुवारीची पगाराची चिठ्ठी काढा आणि ते तीनशे रुपये कशाचे ते त्यांना वाचून दाखवा.

ग्रॅच्युइटीच्या अर्जाचं काय झालं ते मात्र मला कळवा.